लाल पट्टी

रात्री पावणेतीनची वेळ. अण्णांना कुशीवर वळवलं, जुना डायपर काढून गुंडाळला, नवीन उघडला आणि ट्यूबलाइटच्या उजेडात बघतो तर वरच्या पांढऱ्या थराखाली बोटभर रुंदीची लाल चिकटपट्टी, आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आमच्या हिला वाटलं रक्तच आहे, ती घाबरून पुढे आली. मी म्हटलं, रक्त नाही गं, स्प्लाइस आहे.

स्प्लाइस म्हणजे काय हे पावणेतीनला समजावण्यात काही अर्थ नव्हता, तिने दुसरा डायपर काढून हातात दिला आणि काम उरकलं. पण मला झोप कुठली लागतेय. कारण गेली बावीस वर्षं मी हीच मशीनं लावतो. सॅनिटरी पॅडची, बाळांच्या डायपरची आणि अलीकडे मोठ्यांच्या डायपरची. साकीनाक्याला एक गाळा आहे, आम्ही नऊ जण, शेठ जुन्या लाइनी कुठून कुठून कंटेनरमध्ये घालून आणतो आणि आम्ही त्या उघडून, धुऊन, अर्ध्या बदलून परत उभ्या करतो. शेठ याला सुधारणा म्हणतो. आई हयात होती तोवर शेजारपाजाऱ्यांना सांगायची, पोरगा कागदाच्या मशीनवर आहे. अगदीच खोटं नव्हतं ते.

तर स्प्लाइस म्हणजे जोड. आमच्या मशीनला जवळजवळ सगळा माल रोलमधून लागतो, वरचं मऊ कापड, आतला टिश्यू, खालचं प्लास्टिक, अगदी मधला लगदासुद्धा जाड पुठ्ठ्यासारख्या रोलमध्येच येतो. एक रोल संपत आला की त्याच्या शेपटीला पुढच्या रोलचं तोंड चिकटवायचं, आणि हे सगळं लाइन चालू असताना. त्यासाठी स्प्लायसरच्या पुढे वर-खाली होणाऱ्या रोलर्सचा एक झुला असतो, त्यात काही मीटर कापड साठवलेलं असतं, जोड मारायला रोल क्षणभर थांबतो तेव्हा लाइन त्या साठ्यावर पळते. जोडाची पट्टी मुद्दाम लाल किंवा निळी घेतात, म्हणजे पुढे सेन्सरला दिसावी आणि जोडाचा पीस, मागचे-पुढचे चार-दोन पीस धरून, गेटवर हवेच्या फटक्याने बाहेर उडवावा. जोडाचा पीस पाकिटात जाता कामा नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. हा गेला होता. पाकिटात, दुकानात, आणि तिथून विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये.

कंपनीचं नाव लिहीत नाही. असली चूक माझ्या हातूनही झालेली असणारच, फक्त ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पावणेतीनला उघडली असेल.

त्या रात्रीपासून मला खोडच लागली. प्रत्येक डायपर घालायच्या आधी उजेडात धरायचा आणि वाचायचा. मांडीजवळचे रबराचे धागे टोकाकडे सैल पडलेत, म्हणजे ग्लू थंड किंवा कमी, धागा ताणून चिकटवला पण कापल्यावर आत सरकला. उभी राहणारी लीक गार्डची पट्टी मागच्या टोकाला सुटलीय, म्हणजे तिथला ग्लूचा ठिपका उशिरा पडतोय. टेप चार मिलीमीटर तिरका, म्हणजे व्हॅक्यूम कमी. आणि मधला कोअर, म्हणजे लगद्याची गादी, एकीकडे टणक नि दुसरीकडे पोकळ. अण्णा अर्धांगवायूने डावीकडून गेलेले, बोलणं जड, पण डोळे आणि जीभ दोन्ही तिखट. एकदा म्हणाले, काय रोज बघतोस त्यात, पेपर आहे का तो?

मग मी त्यांना लाल पट्टीची गोष्ट सांगितली. खूप वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं झोपले. मग एकेक शब्द सोडत म्हणाले, माझा बाप सांगायचा, पूर्वी मिलच्या साच्यावर, मागावर, बिघडलेलं कापड साचेवाल्याच्याच गळ्यात मारायचे, पगारातून पैसे कापून. तुझ्याही मारलं की रे.

आणि हसले. तोंड एकीकडेच वळायचं त्यांचं, पण हसले.

अण्णा लोअर परळच्या मिलमध्ये साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांचा, त्यानंतरचं जे व्हायचं ते अडीच लाख घरांत झालं तसं आमच्याही घरात झालं, ते काय परत परत लिहायचं. पुढे ते एका बिल्डिंगवर वॉचमन राहिले. पण स्वतःला शेवटपर्यंत साचेवालाच म्हणायचे. मी डिप्लोमा करून या लाइनमध्ये लागलो तेव्हा पहिल्यांदा घरी नॉनवोव्हनचा तुकडा आणून दाखवला होता, पॅडच्या वर असतं ते, चौरस मीटरला पंधरा ग्रॅमचं, हातात धरलं तर धरल्यासारखंही वाटत नाही. त्यांनी तो चष्मा लावून बघितला, नखाने धागा काढायचा प्रयत्न केला, निघेना. विणलेलं नाही, मी म्हटलं, प्लास्टिक वितळवून त्याचे बारीक तंतू पसरतात आणि गरम रोलरखाली ठिपक्या-ठिपक्याने दाबून चिकटवतात. म्हणाले, मग याला कापड कशाला म्हणता?

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र आमच्यात कायम उलटी होती, ती म्हणजे हवा. मुंबईत कापडगिरण्या वाढल्या त्याच्या कारणांमध्ये इथली दमट हवाही धरतात, कोरड्या हवेत सूत तुटतं, दमट हवेत टिकतं. तेवढ्यानेही भागायचं नाही म्हणून साचेखात्यात वरून पाण्याचा फवारा सोडायचे, अण्णा म्हणायचे आठ तास भिजल्या कपड्यात उभं राहायचं. आणि आमचा धंदा असा की याच हवेने आमचा जीव जातो. आमच्या डायपरमध्ये सॅप असतं, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, दिसायला बारीक साखर. ते स्वतःच्या वजनाच्या काही शे पट शुद्ध पाणी पितं, खारं पाणी म्हणाल तर त्या मानाने फार कमी, तीस-चाळीस पट. लघवीत मीठ असतं, त्यामुळे दुकानात नळाचं पाणी ओतून डायपर दाखवणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. तर ही साखर जुलैमध्ये हवेतलंच पाणी पिते, फीडरमध्ये खडे होतात, स्क्रू अडकतो आणि मग कुणाला काही न कळता पुढचे शे-दोनशे पीस सॅपशिवाय निघून जातात. वर गाळ्याचं छप्पर गळतं. जमिनीवर सांडलेल्या सॅपवर पाणी पडलं की असा बुळबुळीत जेलीचा थर होतो की माणूस उभा राहू शकत नाही, आमचा एक पोरगा त्यावरून घसरून मनगट मोडून बसला होता. त्यावर पाणी मारून काही होत नाही, ते अजून फुगतं. खडे मीठ फेकायचं, जेली पाणी सोडून आक्रसते, मग झाडायची. आमच्या गाळ्यात पाच किलो मीठ कायम असतं, नवीन माणसाला वाटतं इथे लोणचं घालतात का काय.

लोकांना वाटतं जेवढं सॅप जास्त तेवढा डायपर चांगला. तसं नसतं. दाणे एकाच जागी ढीग होऊन पडले तर पहिली धार पिऊन वरचे दाणे फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि रस्ताच बंद करतात. आतले दाणे कोरडे बसून राहतात आणि पाणी वरून वाहत कडेने बाहेर. म्हणून मध्ये लगदा लागतो, लांब तंतूच्या पाइन लाकडाचा, जास्त करून अमेरिकेतून येणारा. हॅमरमिलमध्ये त्याचा कापूस होतो, हवेने उडत जाऊन जाळीच्या ड्रमवरच्या खाचेत बसतो, आतून व्हॅक्यूम खेचत असतो, आणि त्या उडत्या कापसातच सॅप सोडायचं. कापूस दाण्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो आणि पाण्याला वाट देतो. हे जिथे नीट झालं तिथे डायपर झाला, बाकी सगळी पॅकिंगच म्हणा ना. जुन्या लाइनवर सॅपची धार अखंड पडते, पुढे-मागे सारखीच. नवीन पद्धतीत एक फिरता व्हॉल्व्ह प्रत्येक पीसला उघडतो-मिटतो, जिथे पाणी पडतं तिथे जास्त, मागे कमी. मिनिटाला अडीचशे पीस म्हणजे एका पीसला २४० मिलिसेकंद, तेवढ्यात ते सगळं. मी हे पहिल्यांदा लावलं तेव्हा आठवडाभर छाती काढून फिरत होतो.

पण शेठचा आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न काय असतो? स्पीड किती.

पूर्वीच्या लाइनमध्ये एक लांबच लांब शाफ्ट असायचा, त्यावरून सगळी स्टेशनं गिअर आणि बेल्टने चालायची. साइज बदलायची म्हणजे गिअर उतरवा, नवे चढवा, कापायची डाय बदला, अख्खी पाळी जायची. आता प्रत्येक रोलला आपली सर्व्हो मोटर, शाफ्ट फक्त कंट्रोलरच्या डोक्यात, स्क्रीनवर साइज निवडायची. त्याने स्पीड वाढला, हे खरं. पण स्पीडबरोबर चुकीची जात बदलते, हे कोणी विचारात घेत नाही. पॅडची लाइन मिनिटाला सहाशेने चालली आणि एक पॅड २४० मिलीमीटरचं धरलं तर कापड सेकंदाला २.४ मीटर पळतं. एक मिलीमीटर जायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. जुना पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, १० मिलिसेकंदाने एकदा डोळे उघडत असेल तर त्याने डोळे मिटल्या-मिटल्या २४ मिलीमीटर माल गेलेला असतो. म्हणजे मोटर नवी, मेंदू जुना, आणि मग म्हणायचं कटिंग का हलतंय. असल्या अर्धवट सुधारणा मी स्वतः किती केल्यात ते मोजत नाही.

तेव्हा हे असले फॉल्ट धरायच्या मावशी. लाइनच्या शेवटी टेबलावर सहा जणी बसायच्या, पॅड मोजून पाकिटात भरायच्या. त्यातल्या एकीचा अंगठा असा होता की पॅड उचलता-उचलता दाबायची आणि बाजूला टाकायची, हे पोकळ आहे म्हणायची. आम्ही वजन करून बघायचो, खरंच दीड-दोन ग्रॅम कमी. कडेला प्लास्टिकची झालर राहिली की ती दाखवायची, हे टोचेल बघा सर. डायची धार गेलीय हे मला तिच्या त्या वाक्याने कळायचं, कारण मी ते पॅड वापरणार नव्हतो, शेठ वापरणार नव्हता, फिटर, इलेक्ट्रिशियन, प्रोग्रामर, कोणीच वापरणार नव्हतं. पॅडसाठी आपल्याकडे आयएस ५४०५ हे मानक आहे, त्यातली चाचणी अशी की मिनिटाला १५ मिलीच्या वेगाने ३० मिली रंगीत पाणी मधोमध सोडायचं आणि ते खाली किंवा बाजूने दिसता कामा नये. चांगली चाचणी आहे, पण ती झोपेत कूस बदलत नाही आणि लोकलमध्ये दीड तास उभीही राहत नाही. मग आम्ही कॅमेरा लावला. कॅमेरा पंख बघतो, कटिंग बघतो, डाग बघतो, न थकता. पोकळ काही त्याला दिसत नाही. टेबलावर सहाच्या दोघी राहिल्या आणि अंगठावाली त्या दोघींत नव्हती, सिनिऑरिटीने नाव खाली होतं. मी कॅमेऱ्याचं बिल पास केलं तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं म्हणणार नाही. आलं होतं. मी गप्प बसलो.

मशीन सुधारण्याने काही भलं होतच नाही असं मुळीच नाही हां. पॅम्पर्स १९६१ मध्ये अमेरिकेत पिओरिया नावाच्या गावात पहिल्यांदा विकून बघितले तेव्हा एकाची किंमत १० सेंट होती आणि लोकांनी घेतले नाहीत. उत्पादन सुधारून किंमत ६ सेंटच्या आसपास आणली तेव्हा कुठे ते घराघरांत गेले. गंमत म्हणजे त्याच पिओरियात अमेरिकेच्या शेती खात्याची प्रयोगशाळा आहे, तिथे पुढे मक्याच्या स्टार्चपासून पाणी धरून ठेवणारा पदार्थ काढला, शेतातली ओल टिकावी म्हणून, आणि त्या वाटेने पुढे सॅप आलं. आपल्याकडे कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी उलटी वाट धरली. करोडोंच्या लाइनचे चार तुकडे केले, लगदा पिंजणं, दाबणं, चिकटवणं आणि अतिनील उजेडाखाली निर्जंतुक करणं, आणि गावातल्या बायकांना चालवता येईल असं छोटं मशीन केलं. २०१६ ला पद्मश्री मिळाली. आमच्या धंद्यातले लोक त्या मशीनला स्पीड नाही म्हणून हसायचे, मीही हसायचो. पण त्यात एक गोष्ट होती जी आमच्या लाइनमध्ये नव्हती, बनवणारीच वापरणारी होती. फॉल्ट थेट मशीनपर्यंत चालत यायचा.

अण्णांनी अंथरुण धरलं ते चौदा महिने. दिवसाला पाच डायपर, एकेक तीस-पस्तीस रुपयांचा, म्हणजे सगळे मिळून दोन हजार शंभरच्या वर डायपर. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून हिशोब केला, आमची लाइन मिनिटाला अडीचशेने चालते तर हे सगळे किती वेळात निघाले असतील. साडेआठ मिनिटं. मी बाहेर जाऊन एक चहा पिऊन येईपर्यंत.

आणि हे दोन हजार गेले कुठे? पेपरात गुंडाळून, काळ्या पिशवीत, सकाळच्या गाडीत. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की उत्पादकाने गुंडाळायला पिशवी द्यावी. आमच्या पाकिटांत कधी निघाली नाही, आणि पिशवी टाकणारं स्टेशन मला लाइनवर लावून द्या असं म्हणणारं गिऱ्हाईकही मला आजवर भेटलं नाही. २०२५ मध्ये पालिकेने असला कचरा वेगळा उचलायची नोंदणी सुरू केली, आमच्या सोसायटीत त्याची मीटिंग झाली तेव्हा अण्णा असतानाच्या काळ्या पिशव्या आठवून दोघा-तिघांनी माझ्याकडे बघितलं. मुंबईचा बहुतेक कचरा आता कांजूरच्या डंपिंग ग्राउंडला जातो आणि कांजूर आमच्या अगदी शेजारी, वारा फिरला की रात्री खिडक्या लावून घ्याव्या लागतात. खिडकी लावायला मी उठायचो तेव्हा अण्णा म्हणायचे, आला बघ तुझा माल परत.

दहा महिने झाले त्यांना जाऊन. शेवटच्या पाकिटात सात डायपर उरले होते, ही म्हणाली कुणाला तरी देऊन टाक, मी ते गाळ्यावर नेले आणि बेंचवर कापले. सगळे कोअर वजन करून जॉबकार्डच्या मागे आकडे लिहिले, सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यांच्यात नऊ ग्रॅमचा फरक. लाल पट्टीवाला मी तेव्हाच धुण्याच्या पिनेने अडकवून ठेवला होता, तोही नेला. त्यावर बॅच नंबर होता, त्यात पाळीचं अक्षर सी. तिसरी पाळी. अण्णा वीस वर्षं तिसऱ्या पाळीला जायचे.

तो पीस समोर ठेवून विचार केला की हा गेटमधून सुटला कसा. सेन्सरने पट्टी बघितली नाही असं होत नाही, लाल रंग सहसा चुकत नाही. मग आमच्याच लाइनचा प्रोग्राम उघडला आणि पोटात गोळा आला. स्प्लायसरपासून गेटपर्यंत ३६ मीटरचा रस्ता. लार्ज साइजला एक पीस ९०० मिलीमीटरचा, म्हणजे पट्टी दिसल्यावर ४० पीस मोजायचे आणि उडवायचे. मीडियम ७५० चा, त्याला ४८ मोजायला हवेत. प्रोग्राममध्ये ४० हा आकडा हाताने लिहिलेला. रात्री साइज बदलली आणि कुणी तो आकडा बदलायचा विसरला की मशीन अगदी इमानदारीने आठ पीस आधीच चांगला माल उडवतं आणि मागून येणारा जोड पाकिटात घालतं. स्क्रीनवर रिजेक्ट दिसतो, काउंट बरोबर दिसतो, सगळे खूश. आणि त्याच्यावर कडी म्हणजे आमचा सेन्सर झुल्याच्या आधी लावलेला होता. झुल्यात कधी चार मीटर कापड असतं कधी नऊ, मग कुठले ४० नि कुठले ४८. हा प्रोग्राम मी लिहिला होता, सहा वर्षांपूर्वी, आणि तो तेव्हापासून पाच लाइनींवर गेला होता.

शेठला सांगितलं. तो म्हणाला, कंप्लेंट आली का? नाही आली. मग? मी म्हटलं, आली आहे, माझ्याकडे. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, रविवारी कर, प्रॉडक्शन थांबवायचं नाही.

दोन रविवार लागले. सेन्सर झुल्याच्या पुढे घेतला, पीस मोजणं काढून टाकलं, एन्कोडरवरून, म्हणजे रोलर किती फिरला ते सांगणाऱ्या सेन्सरवरून, मिलीमीटर मोजायला लावले, म्हणजे साइज कुठलीही असो, रस्ता तेवढाच. कुणी आकडा बदलायचा प्रश्नच नाही. मग लार्जवर पाच जोड मुद्दाम मारले, साइज बदलली, मीडियमवर पाच मारले, आणि गेटखाली क्रेट लावून स्वतः उकिडवा बसलो. प्रत्येक जोडाला नऊ पीस उडाले. एकेक उजेडात धरून बघितला. दहापैकी नऊ वेळा पट्टी पाचव्यात होती, एकदा सहाव्यात. तो का सरकला ते अजून सापडलेलं नाही, या रविवारी परत जाणार आहे.